चौकातील सार्वजनिक मंडप

वर्दळीच्या चौकात किंवा त्याच्या कडेला, कोणालाही विनामूल्य वापरता यावी म्हणून उभारलेली छप्पर असलेली व चारही बाजूंनी मोकळी लहान वास्तू. सावली, बसायला जागा व पिण्याचे पाणी देणे हे तिचे मुख्य काम. महाराष्ट्रात पार, चावडी, छत्री आणि पाणपोई ही तिची जुनी रूपे होत.

इतिहास : मुंबईत नळाचे पाणी घरोघरी पोचण्यापूर्वी दानशूर व्यापाऱ्यांनी बाजारपेठांत दगडी पाणपोया बांधल्या. मांडवीच्या भात बाजारातील केशवजी नाईक कारंजे (1876) ही खांबांवर तोललेली घुमटी असून तिला घड्याळाची जोड आहे. फोर्टमधील बमनजी होरमसजी वाडिया कारंजे व घड्याळ मनोरा (1882) यावर पारशी अग्यारीच्या वास्तुशैलीची छाप आहे. मिंट रोडवरील रतनसी मुळजी जेठा कारंज्याचे आराखडे व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी केले. पुढे पाणपोयांचा वापर थांबला आणि अनेक वास्तू ओस पडल्या. अलीकडे त्यांतील काहींचा जीर्णोद्धार झाला. जेठा कारंज्याच्या कामाचा 2018 मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत सन्माननीय उल्लेख झाला.

जागेची निवड : असा मंडप आज कोठे व कसा बांधावा, यासाठी मंगरूळपीरचे उदाहरण घेऊ. हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. वाशीम, कारंजा, अकोला व मानोरा या बाजूंचे रस्ते येथे मिळतात. दादा हयात कलंदर यांचा दर्गा व बिरबलनाथ महाराजांचे मंदिर यांमुळे भाविकांचीही ये-जा असते. अशा गावात मंडप चौकाच्या मधोमध बांधू नये. तेथे पोचायला वाहनांमधून वाट काढावी लागते. बस थांबते, बाजारकरू ओझे टेकवतात तो कोपरा योग्य. चालकाला समोरचा रस्ता दिसावा म्हणून भिंती टाळून बारीक खांब घ्यावेत. मोठे झाड असेल तर ते राखून, त्याच्या सावलीला धरून बांधकाम करावे.

हवामान व रचना : मंगरूळपीर सुमारे 20.3 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात, सूर्य दुपारी डोक्यावर येतो. सर्वाधिक ताप छपराला बसतो. एकेरी पत्रा तापून खाली उष्णता सोडतो. मध्ये हवा खेळती राहील असे दुहेरी छप्पर किंवा कौले बरी. दुपारनंतरचे तिरपे ऊन पश्चिमेकडून येते, तेथे जाळी किंवा लांब पडवी हवी. नैर्ऋत्येच्या पावसाची झड त्याच बाजूने येत असल्याने तीच पडवी पावसातही उपयोगी पडते. जोत्यासाठी दख्खनचा काळा पाषाण टिकाऊ असतो. चालण्याचा पृष्ठभाग मात्र खडबडीत ठेवावा. बाकाची उंची सुमारे 45 सेंमी असावी. चाकाच्या खुर्चीसाठी उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा. रात्री स्त्रियांना निर्धास्त बसता यावे म्हणून चारही बाजूंनी आत नजर पोचेल असा उजेड आवश्यक आहे.

कायदेशीर चौकट : सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2013 च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते व पदपथांवर पुतळे किंवा अन्य बांधकामास परवानगी देण्यावर निर्बंध आणले, रस्त्यांचे सुशोभीकरण व लोकोपयोगी सुविधा यांतून वगळल्या. म्हणून मंडपाचा हेतू आराखड्यातच स्पष्ट लिहावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे तो सर्वांना सुगम असणे बंधनकारक आहे. कडेला बसणाऱ्या विक्रेत्यांना पथविक्रेता अधिनियम, 2014 चे संरक्षण असते. त्यांना हटवण्याऐवजी आराखड्यात सामावून घ्यावे.

देखभाल : विदर्भात उन्हाळ्यात रांजण भरून पाणपोई चालवण्याची रीत आहे. रोज कोणीतरी रांजण धुतो व भरतो, म्हणून ती चालते. मुंबईच्या दगडी पाणपोयांचा धडाही हाच आहे : शिल्प शाबूत राहिले तरी पाणी थांबताच वास्तू निरुपयोगी झाली. पाणी, झाडलोट व दिवे यांची जबाबदारी नगर परिषदेने बांधकामापूर्वीच ठरवून त्यासाठी दरवर्षी तरतूद करावी. ही तरतूद नसलेला मंडप कितीही देखणा असला तरी अपुराच समजावा.