क्लाराबाईंची विजेची गाडी

भारतातून पाहुणे आले की आम्ही डेट्रॉईटकडचे लोक त्यांना एकदा तरी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात नेतोच. रोझा पार्क्स ज्या बसमध्ये जागेवरून उठल्या नाहीत ती बस तिथे आहे, केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा ते ज्या गाडीत बसले होते तीही आहे. पाहुणे तिथे फोटो काढतात. त्याच संग्रहात १९१४ सालची एक उंच, चौकोनी, काचेच्या खिडक्यांची गाडी आहे. एखाद्या घोडागाडीचे घोडे सोडून नेले आणि ती तशीच रस्त्यावर आली असे वाटावे, असे तिचे रूप. नाव डेट्रॉईट इलेक्ट्रिक. मालकीण क्लारा फोर्ड, म्हणजे हेन्री फोर्डची पत्नी.

ज्याने पेट्रोलची गाडी शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या दारात नेऊन उभी केली, त्याच्या स्वतःच्या घरी बायको विजेची गाडी चालवत होती. आणि ही एकच नव्हे. १९०८ ते १९१४ या काळात क्लाराबाईंकडे एकामागून एक विजेच्याच गाड्या होत्या.

सध्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहा, विजेची गाडी घ्यावी की पेट्रोलची (इथल्या भाषेत 'गॅस'ची) हा वाद कानावर पडतोच. थंडीत बॅटरी किती उतरते, लांबच्या प्रवासात काय करायचे, बॅटरी गेली तर खर्च किती. बोलणाऱ्यांचा सूर असा असतो, की हे प्रश्न आपल्याच पिढीपुढे पहिल्यांदा आले आहेत. प्रत्यक्षात हा वाद याच शहरात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि त्याचा निकालही लागला. तो निकाल का लागला, याची जी गोष्ट आपण ऐकलेली असते ती मात्र अर्धीच खरी आहे.

१९०० सालच्या अमेरिकन जनगणनेत त्या वर्षीच्या मोटारींची नोंद आहे. देशात एकूण ४,१९२ गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या. म्हणजे शर्यत सुरू झाली तेव्हा पेट्रोल तिसऱ्या क्रमांकावर होते. त्याच्या आदल्या वर्षी, १८९९ मध्ये, बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, तीही विजेच्या गाडीत. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बेफाम वेगाबद्दल एका टॅक्सीचालकाला अटक झाली. वेग होता ताशी १२ मैल, आणि टॅक्सी विजेची.

आता त्या काळी गाडी बाळगणे म्हणजे रोज काय करावे लागे ते पाहू.

पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभे राहून हँडल मारायचे. ज्यांनी गावाकडे विहिरीवरचे डिझेल इंजिन किंवा जुना ट्रक हँडल मारून सुरू होताना पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. इंजिन उलटे फिरले तर हँडल मागे झटका देते आणि मनगट किंवा अंगठा मोडतो. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरा, असे नव्या मालकाला बजावत. थंडीच्या रात्री रेडिएटरमधले पाणी काढून ठेवायचे, नाहीतर गोठून धातू फुटायचा. पेट्रोल पंप जवळजवळ नव्हतेच. किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानातून डब्यातून पेट्रोल आणायचे आणि गाळून टाकीत ओतायचे. वास, धूर, आवाज आणि गिअर बदलताना होणारी झटापट वेगळीच.

विजेच्या गाडीत बसायचे, दांडा पुढे करायचा आणि निघायचे. हँडल नाही, गिअर नाही, धूर नाही. डेट्रॉईट इलेक्ट्रिकचे गिऱ्हाईक एका चार्जमध्ये ८० मैल जाईल असे कंपनी सांगे, आणि शहरात दिवसभराची कामे करायला तेवढे पुरून उरे. वेग ताशी वीस-पंचवीस मैलांच्या आसपास. आपल्याला तो हास्यास्पद वाटेल, पण घोडागाड्यांच्या गर्दीत त्याहून जास्त वेग वापरायला मिळतच नसे. एडिसन, रॉकफेलर धाकटे आणि विद्युतशास्त्रज्ञ स्टाइनमेट्झ यांनीही याच गाड्या घेतल्या होत्या.

मग तिचा त्रास काय होता? पहिला त्रास बॅटरीचा. शिशाच्या प्लेटा आणि आम्ल असलेली ती जड बॅटरी वेळोवेळी तपासावी लागे, तिच्यात शुद्ध पाणी घालावे लागे, आणि काही वर्षांनी ती बदलावी लागे. एडिसनने निकेल आणि लोखंडाची टिकाऊ बॅटरी काढली, पण डेट्रॉईट इलेक्ट्रिकमध्ये ती बसवून घ्यायची तर ६०० डॉलर जादा मोजावे लागत. दुसरा त्रास चार्जिंगचा. बॅटरीला लागते एकाच दिशेने वाहणारी वीज, आणि घरोघरी येऊ लागली होती ती दिशा बदलणारी. ती रूपांतरित करण्यासाठी पाऱ्याच्या वाफेचा मोठा काचेचा दिवा असलेले यंत्र गॅरेजच्या भिंतीवर लावावे लागे. सुरू असताना त्यातून निळसर-जांभळा उजेड पडे. ज्यांना एवढी यातायात नको होती ते शहरातल्या विजेच्या गॅरेजमध्ये गाडी ठेवत. तिथे गाडी रात्रभर चार्ज होई, धुतली जाई, आणि सकाळी माणूस ती दारात आणून देई. दरमहा त्याचे पैसे द्यायचे.

थोडक्यात, ज्याच्या घरी वीज, गॅरेज आणि नोकरचाकर होते त्याला विजेची गाडी फार सोयीची होती. पण असे लोक होते किती? १९२० मध्येसुद्धा अमेरिकेतल्या जेमतेम एक-तृतीयांश घरांत वीज होती. शेतांवर तर १९३० पर्यंत दहातल्या एकाच घरी ती पोचली होती.

या बाजारात १९०८ च्या ऑक्टोबरात फोर्डची मॉडेल टी आली, सुरुवातीला ८५० डॉलरला. पुढे किंमत उतरत गेली. १९१४ साली फोर्डने कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले, तेव्हा टी साधारण ५०० डॉलरला मिळत होती. ज्या कामगाराला ती मजुरी पूर्ण मिळे त्याची शंभर दिवसांची कमाई. डेट्रॉईट इलेक्ट्रिक अडीच-तीन हजार डॉलरला होती. म्हणजे त्याच कामगाराची पाचशे-सहाशे दिवसांची कमाई, आणि घरात वीज नसेल तर तीही फुकट.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याची कटकट संपली, आणि विजेची गाडी मेली. शाळकरी मुलांच्या पुस्तकांतही ही गोष्ट असते. पण तारखा जुळवून पाहिल्या की ती डळमळते. मॉडेल टीला विजेचा स्टार्टर मिळू लागला तो १९१९ मध्ये. दहा लाखावी टी कारखान्यातून बाहेर पडली १९१५ मध्येच. म्हणजे हँडल मारावे लागत असतानाही लाखो लोकांनी पेट्रोलचीच गाडी घेतली होती. मनगटाची भीती त्यांना नव्हती असे नाही. पण दुसरी गाडी त्यांना परवडणारी नव्हती, आणि त्यांच्या घरी तिला 'खायला' काही नव्हते.

स्टार्टरने मारले ते वेगळ्याच ठिकाणी. विजेच्या गाडीचे हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे शहरातली श्रीमंत कुटुंबे, त्यातही बायका. जाहिरातींत फुलदाणी असलेल्या दिवाणखान्यासारखी गाडी आणि तीत बसलेल्या टोपीवाल्या बायका दिसत. विजेची गाडी 'बायकांची' ठरवून विक्रेत्यांनी आपलेच गिऱ्हाईक अर्धे करून घेतले, असे इतिहासकार व्हर्जिनिया शार्फ यांनी मांडले आहे. पुरुषांना लांब पल्ल्याचे साहस हवे आणि बायकांना दुकानापर्यंतची सोय, अशी ती वाटणी होती. पण हँडल मारायला पुरुषांनाही आवडत नव्हते. पेट्रोलच्या गाडीने एकेक करून विजेच्या गाडीच्या सोयी उचलल्या. आधी स्टार्टर आणि विजेचे दिवे, मग पावसाथंडीपासून वाचवणारी बंद केबिन. डच इतिहासकार खाइस मॉम यांचे म्हणणे असे, की पेट्रोलची गाडी जिंकली ती विजेच्या गाडीचे गुण अंगी घेऊन. क्लाराबाईंना आवडणारे सगळे आता पेट्रोलच्या गाडीतही मिळू लागले, वर ती कुठेही जात होती.

'कुठेही' या शब्दामागे बरेच काही घडले होते. १९०१ च्या जानेवारीत टेक्ससमधल्या स्पिंडलटॉप इथे तेलाचा प्रचंड झरा फुटला. १९१३ मध्ये कच्च्या तेलातून आधीच्या जवळपास दुप्पट पेट्रोल काढण्याची बर्टनची पद्धत आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पिट्सबर्गला मोटारी आत नेऊन पेट्रोल भरण्याचे खास केंद्र सुरू झाले. पेट्रोलचा मोठा गुण हा, की त्याला तारा लागत नाहीत. डबा बैलगाडीतूनही नेता येतो आणि गोठ्यात ठेवता येतो. शेतकरी टीचे मागचे चाक उचलून त्याला पट्टा लावत आणि त्यावर लाकडे कापत. ती गाडी त्याच्या जगण्यात बसली. विजेची गाडी बसण्यासाठी आधी सरकारने आणि कंपन्यांनी त्याच्या बांधापर्यंत खांब रोवायला हवे होते, आणि ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा आला १९३६ मध्ये.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या योसेफ ताल्बी आणि हाना नील्सन यांनी २०२१ मध्ये त्या काळच्या अमेरिकन मॉडेलांची आकडेवारी तपासून नेमके हेच मांडले. विजेचे जाळे पंधरा-वीस वर्षे आधी पसरले असते, तर बहुतेक उत्पादकांनी शहरांसाठी विजेच्या गाड्याच निवडल्या असत्या. लांबच्या प्रवासाला पेट्रोल राहिले असते. म्हणजे दोन्ही गाड्या शेजारी शेजारी नांदू शकल्या असत्या.

हे फक्त 'जर-तर' नाही. जिथे गाडीचा मुक्काम ठरलेला होता तिथे वीज टिकली. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या वीजकंपनीने १९१० ते १९२४ या काळात ट्रकमालकांना बॅटरी विकण्याऐवजी बदलून देण्याची सेवा चालवली. मालकाने ट्रक घ्यायचा आणि जितके मैल चालेल तितके पैसे द्यायचे. बॅटरीची काळजी कंपनीची. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांना पहाटे बाटल्यांचा किणकिणाट करत जाणारी दुधाची विजेची गाडी आठवत असेल. ठरलेला फेरा, दर दाराशी थांबणे, रात्री परत त्याच आवारात. कित्येक दशके तिला पेट्रोल हटवू शकले नाही.

स्वतः फोर्डलाही विजेचा मोह होता. १९१४ च्या सुरुवातीला एडिसनची बॅटरी वापरून स्वस्त विजेची गाडी काढणार असल्याची बातमी फुटली होती. प्रयोगाच्या गाड्या झाल्या, पण बॅटरीने साथ दिली नाही आणि बेत बारगळला. एकेकाळी फोर्ड डेट्रॉईटच्या एडिसन वीजकंपनीतच इंजिनियर होता, आणि पेट्रोल इंजिनाचा नाद सोडू नकोस असे त्याला सांगणारा एडिसनच होता, ही आठवण फोर्डने पुढे आयुष्यभर सांगितली. डेट्रॉईट इलेक्ट्रिक मात्र हळूहळू आटत गेली. सुमारे १३ हजार गाड्या बनवून १९३९ मध्ये तिचे नाव संपले.

हा सगळा इतिहास मी वाचायला घेतला तो काही संशोधन म्हणून नव्हे. दोन वर्षांपूर्वी आमची जुनी गाडी थकली आणि घरात जेवणाच्या रांगेतला तोच वाद सुरू झाला. मी मैल, बॅटरी, किमती यांचे तक्ते केले. पण आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. पार्किंग उघड्यावर, जागा ठरलेली नाही, आणि जवळच्या विजेच्या खांबाला प्लग नाही. व्यवस्थापनाला विचारले तर उत्तर आले की सध्या तशी योजना नाही. गॅरेजवाल्या घरात राहणारे माझे मित्र रात्री प्लग लावतात आणि सकाळी पूर्ण भरलेल्या गाडीत बसतात. त्यांच्यासाठी क्लाराबाईंची सोय परत आली आहे. मला दर आठवड्याला दुकानाच्या आवारात चाळीस मिनिटे बसावे लागले असते, आणि घरच्या विजेपेक्षा महाग दर द्यावा लागला असता. पुण्यात माझ्या भावाच्या सोसायटीतही वाद हाच आहे. मीटरपासून खालच्या पार्किंगपर्यंत वायर कोणी टाकायची, आणि आज गाडी नसलेल्यांनी तिचा खर्च का सोसायचा.

माझ्या तक्त्यांत सगळे होते, पण गाडी रात्री कुठे उभी राहणार हा रकाना नव्हता. १९१४ साली ज्याचे उत्तर 'माझ्या गॅरेजमध्ये, नोकराच्या ताब्यात' असे होते त्याला विजेची गाडी मिळाली. ज्याचे उत्तर 'गोठ्यात' होते त्याला टी मिळाली. दोघांनीही आपापल्या परीने शहाणपणाच केला. पण गोठेवाल्याच्या दारात तारा आणण्याची घाई कोणाला नव्हती, म्हणून पुढची शंभर वर्षे सगळ्यांनीच धूर खाल्ला.

आम्ही शेवटी हायब्रिड घेतली. घेताना जरा वाईट वाटले, हे कबूल करते. त्यानंतर आमच्या संकुलातल्या अकरा कुटुंबांनी मिळून व्यवस्थापनाला पत्र दिले आहे. निदान चार जागांवर तरी चार्जर लावा, विजेचे पैसे आम्ही देऊ, असे त्यात लिहिले आहे. अकरांपैकी तिघांकडेच आज विजेची गाडी आहे. बाकीच्या आठांनी सही केली ती पुढच्या गाडीसाठी. उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या महिन्यात सासूबाई भारतातून येत आहेत, त्यांना डिअरबॉर्नला नेईन तेव्हा क्लाराबाईंच्या गाडीपाशी थोडा जास्त वेळ थांबायचे ठरवले आहे.