बीदरचा दवाखाना आणि दुधाची वाट

बहामनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला आली, त्यानंतरची ही हकीकत. 1436 ते 1458 या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाने बीदरला एक मोठा दवाखाना बांधला. औषधपथ्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि हिंदू वैद्य व मुसलमान हकीम असे दोघेही तेथे नेमले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो.

बाळंतिणीला दूध कोठून येते, या प्रश्नास दोन्ही परंपरांपाशी उत्तर होते. सुश्रुताच्या मते दूध वाहणाऱ्या दोन धमन्या स्तनांत असतात; कुमारिकेत त्यांची मुखे मिटलेली असल्यामुळे तिला स्तनरोग होत नाही. युनानी वैद्यक गॅलेनला मानणारे. गर्भाशयातील रक्तच वर चढून त्याचे दूध होते, असे त्याचे म्हणणे.

या म्हणण्याला थोडा आधार होता. छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने आतून एक धमनी खाली उतरते आणि जांघेकडून वर येणाऱ्या धमनीस पोटाच्या भिंतीत मिळते. मात्र ही वाट गर्भाशयातून निघत नाही. 1628 मध्ये हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले, तेव्हा सर्व धमन्यांतील रक्त हृदयाकडूनच येते हे कळले. 1840 मध्ये अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शस्त्रवैद्याने स्तनाच्या रचनेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

छातीतील त्या धमनीच्या शाखा बरगड्यांमधून बाहेर पडून स्तनाला सर्वाधिक रक्त पुरवितात. काखेकडून दुसरा पुरवठा येतो व बरगड्यांमधल्या धमन्यांतून तिसरा. या रक्तातील द्रव्ये घेऊन स्तनातील ग्रंथी तेथेच दूध तयार करतात. दूध रक्तापासून होते, हे जुन्यांचे म्हणणे खरे ठरले. चुकली ती वाट.

कुमारिकेस स्तनरोग होत नाही, हे मात्र खरे ठरले नाही. गाठ कोणत्याही वयात येऊ शकते, आणि उतारवयात तिची भीती अधिक. 1963 साली गुलबर्ग्यात महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर या धमन्या प्रत्यक्ष पाहण्याची सोय याच मुलखात झाली. तरीही संकोचापोटी गाठ पदराआड लपविणारी स्त्री आजही आढळते. पाचशे वर्षांपूर्वी बीदरच्या दवाखान्याचे दार उघडे होते; आज तर शास्त्राचीही जोड आहे. तिने वेळीच डॉक्टरांकडे जावे, एवढेच उरले आहे.