कर्व्यांचे अपयश

लोटे म्हटले की मुंबई-गोवा महामार्गालगतची औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे येते. याच खेड तालुक्यातल्या शेरवली गावी १८५८ साली धोंडो केशव कर्वे जन्मले, याची आठवण मात्र क्वचितच होते. त्यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) आपण यशाची कहाणी म्हणून वाचत आलो. आम्हांस ते अपयशाच्या अभ्यासाचे पुस्तक वाटते.

पहिले अपयश साधेच. १८७५ साली सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास गेला. सतरा वर्षे पुरी झाली होती, पण अंगकाठी लहान. वय कमी दिसते म्हणून परीक्षेस बसूच दिले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापुरास तीच परीक्षा तो उत्तीर्ण झाला. येथे चिकाटी पुरली. पुढे ती पुरणार नव्हती.

१८९३ च्या मार्चमध्ये विधुर कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. मुलास घरात घेतले तर त्याच्या आईलाही वाळीत टाकण्याची धमकी होती. त्याच वर्षअखेरीस विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली. पण समाज जागचा हलेना.

कर्व्यांचे मोठेपण आम्हांस दिसते ते यानंतर. त्यांनी समाजाला नुसता दोष दिला नाही; आपली पायरी चुकली का, हे तपासले. पुनर्विवाहाच्या नावानेच ज्यांना धास्ती वाटे, ते आईबाप विधवा मुलीला शिकायला तरी पाठवतील, असा विचार करून १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळा ठेवला. १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास गेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले.

ही माघार होती का? मत स्वतःच्या घरात पाळायचे, संस्थेवर लादायचे नाही, हा विवेक आम्ही त्यात पाहतो. तरी एक प्रश्न उरतो. साहस कर्व्यांचे, पण त्याची किंमत एकट्यांनी मोजली काय? त्याचे उत्तर 'आत्मवृत्ता'त पुरते मिळणार नाही. त्यासाठी गोदूबाईंचे, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांचे, 'माझे पुराण' शेजारी ठेवावे लागते. दोन्ही पुस्तके एकत्र वाचली, तरच या अपयशाचा धडा पुरा होतो.