पाचव्या चाकाची उशी

युरोपातील अनेक भाषांत, विशेषतः जर्मन आणि फ्रेंच भाषांत, ‘गाडीचे पाचवे चाक’ असा एक वाक्प्रचार आहे. ज्याची कोणालाही गरज नाही, जो असून नसून सारखाच, अशा माणसाला तो लावतात. चार चाकांवर गाडी सुखाने चालत असता पाचवे कशाला, हा त्यामागचा सरळ हिशेब आहे. परंतु वाहनांच्या इतिहासात मात्र पाचव्या चाकाने हा हिशेब खोटा ठरविला आहे. आज महामार्गांवरून धावणारी अवजड मालवाहतूक त्याच्याच आधारावर उभी आहे.

हे पाचवे चाक रस्त्यावर फिरणारे नव्हे. चार चाकांची घोडागाडी वळवायची तर तिचा पुढचा आख वळला पाहिजे. त्यासाठी पुढच्या आखावर एक लोखंडी कडे आडवे बसवीत आणि गाडीचा सांगाडा त्या कड्यावर टेकवीत. घोडे वळले की खालचा आख त्या कड्याखाली फिरे आणि वरचा सांगाडा मागाहून येई. आडवे असले तरी ते कडे गोल होते. म्हणून त्याला पाचवे चाक हे नाव पडले. आपल्याकडील दोन चाकांच्या बैलगाडीला त्याची गरज कधी भासली नाही, कारण बैलांबरोबर सारी गाडीच वळते. तथापि बैलगाडीतही जू आणि दांडी एकमेकांना खिळ्यांनी ठोकून टाकीत नाहीत. ती दोरीने बांधतात. त्या दोरीचा थोडासा सैलपणाच बैलांच्या मानेवरचा हिसका कमी करतो. जोड पक्का हवा, पण ताठ नको, हे तत्त्व शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक होते.

मोटारींच्या युगात या तत्त्वाचा शोध पुन्हा नव्याने घ्यावा लागला. १९१४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे फ्रेडरिक सिब्ली हे लाकडाचे व्यापारी एक अडचण घेऊन आले. त्यांना आपली नाव फोर्ड मोटारीमागे बांधून दूर न्यावयाची होती. फ्रूहॉफने मोटारीला जोडता येईल अशी दोन चाकांची गाडी बनवून दिली. पुढचा भार मोटारीवर आणि मागचा स्वतःच्या चाकांवर अशी ती रचना होती. तिला ‘सेमी-ट्रेलर’ म्हणजे अर्धी गाडी असे नाव मिळाले. त्याच दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्स मार्टिन यांनी ओढणाऱ्या मोटारीवर बसणारे असे पाचवे चाक पुढे आणले, की जे वळत असे आणि मागेपुढे झुलतही असे. चढावर मोटारीचे नाक वर झाले तरी मागच्या गाडीचा सांगाडा पिळला जात नसे. घोडागाडीच्या कड्याला वळता येत होते. आता झुलता येऊ लागले. हिसका सोसणे मात्र अद्याप राहिले होते.

ते काम ज्याने केले तो मनुष्य वेगासाठी जगप्रसिद्ध होता. ग्लेन कर्टिस याचा जन्म १८७८ साली न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्ट या लहानशा गावी झाला. सायकलींच्या दुकानापासून त्याने सुरुवात केली. १९०७ साली फ्लोरिडाच्या वाळूवर त्याने आठ सिलिंडरांची मोटारसायकल ताशी सुमारे २१९ किलोमीटर वेगाने पळविली. ४ जुलै १९०८ रोजी ‘जून बग’ नावाचे विमान त्याने सर्वांसमक्ष एक किलोमीटरहून अधिक अंतर उडविले आणि १९१० साली ऑल्बनीहून न्यूयॉर्क शहरापर्यंतचे गाजलेले उड्डाण केले. पुढे तो फ्लोरिडात स्थायिक झाला आणि त्याचे लक्ष एका वेगळ्याच प्रश्नाकडे वळले. मोटारीमागे जोडून नेता येईल असे फिरते घर बांधावयाचे आणि त्यातील माणसांना हिसके बसू द्यावयाचे नाहीत, हा तो प्रश्न होता.

१९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कर्टिसची ‘एअरोकार’ रस्त्यावर आली. तिचा सांगाडा हलक्या लाकडाचा असून विमानाच्या पंखांप्रमाणे तारांच्या ताणाने आवळलेला होता. परंतु खरे नावीन्य होते ते जोडणीत. ओढणाऱ्या मोटारीच्या पाठीमागच्या भागात, मागच्या आखाच्या वरच्या बाजूस, हवा भरलेले एक टायर आडवे निजवून बसविलेले असे. एअरोकारच्या पुढच्या टोकाचा खिळा त्या टायरच्या मध्यभागी उतरून अडके. मोटार एकाएकी थांबली किंवा निघाली, तर तो धक्का घरापर्यंत पोचण्यापूर्वी टायरमधील हवा दबत असे आणि पुन्हा फुगत असे. भार आखाच्या वर पडल्याने मोटारीची पुढची चाके हलकी होत नसत. मोटारीच्या शेपटाला गाडी बांधली, तर तोच भार तरफेसारखे काम करून पुढची चाके उचलू पाहतो आणि चालकाच्या हातातील चक्राची पकड ढिली होते.

एवढी चांगली जोडणी असूनही ती सर्वत्र का पसरली नाही, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. तिच्यासाठी मोटारीच्या पाठीत फेरफार करावे लागत आणि एअरोकार मुळातच श्रीमंतांची वस्तू होती. कर्टिसही २३ जुलै १९३० रोजी बावन्नाव्या वर्षी वारला. त्यानंतरच्या मंदीच्या वर्षांत डेट्रॉइटच्या आर्थर शेरमन यांच्या ‘कव्हर्ड वॅगन’सारखी फिरती घरे मोठ्या प्रमाणावर खपली. ती मोटारीच्या मागच्या टोकाला साध्या जोडणीने लावता येत. स्वस्त आणि सोपी वस्तू जिंकली. आडव्या टायरची जोडणी हळूहळू दिसेनाशी झाली.

परंतु प्रश्न मिटला नव्हता. महायुद्धानंतर मागे उघडा हौदा असलेल्या मोटारी घरोघरी आल्या, तेव्हा आखाच्या वर भार टेकविण्याची जागा आपोआप मिळाली आणि फिरत्या घरांना पाचवे चाक पुन्हा लाभले. घरे मोठी झाली, वजने वाढली. सांध्यासांध्यांच्या सिमेंटच्या रस्त्यावर मागची गाडी पुढचीला ठराविक तालावर ढकलू आणि ओढू लागली. अशा हिसक्यांनी प्रवाशांची मान आखडते. एवढेच नव्हे, तर खिळ्याची पेटी जेथे सांगाड्याला जोडलेली असते, तेथील लोखंडाला कालांतराने चिरा पडू शकतात. ज्यांचे एकमेव घर त्या चाकांवर असते, त्यांच्या दृष्टीने ही चीर म्हणजे घराच्या तुळईलाच गेलेला तडा होय. म्हणूनच आज खिळ्याच्या पेटीत रबराचे ठोकळे किंवा हवेच्या पिशव्या बसवितात. काही वेळा हवेची पिशवी हौद्यातील जोडणीतच असते. नावे नवी आहेत, पण कल्पना कर्टिसचीच आहे.

अशी उशी निवडताना पहिला विचार वजनाचा करावा लागतो. फिरत्या घराच्या एकूण वजनापैकी साधारणतः १५ ते २५ टक्के भार खिळ्यावर येतो. सामानासह ६,००० किलो वजन असेल, तर हा भार ९०० ते १,५०० किलो भरतो. भाराच्या मानाने पिशवी फार दणकट घेतली, तर ती दबतच नाही आणि ताठ लोखंडासारखी वागते. फार नाजूक घेतली, तर ती तळाला टेकते आणि प्रत्येक खड्डा लोखंडावर लोखंड आपटून जाणवतो. रबराच्या ठोकळ्याला हवा भरावी लागत नाही, परंतु कमीजास्त भारानुसार त्याला बदलताही येत नाही. हवेची पिशवी भाराप्रमाणे जुळवून घेता येते, पण त्यासाठी भार बदलला की हवा पाहिली पाहिजे.

येथेच या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे. लोखंड दुर्लक्ष बराच काळ सोसते. उशी ते सोसत नाही. पिशवीची गळती साबणाच्या पाण्याने तपासावी लागते. रबराला भेगा पडल्या काय, बोल्ट मोजून आवळलेले आहेत काय, हे ठराविक काळाने पाहावे लागते. तबकडीवरील जुने ग्रीस पुसून नवे लावावे लागते, कारण धूळ मिसळलेले ग्रीस वंगण न राहता कानशीप्रमाणे लोखंड झिजविते. आणि प्रत्येक प्रवासापूर्वी जबडा खिळ्याभोवती पुरता मिटला आहे ना, हे डोळ्यांनी पाहून, घराचे ब्रेक लावून आणि त्याचे पाय जमिनीवर असतानाच मोटार हलकेच पुढे ओढून खात्री करून घ्यावी लागते. हे न करणाऱ्यांची घरे मोटारीच्या हौद्याच्या कडांवर आदळल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथून पेटाऱ्यांनी लादलेले ट्रेलर आज देशभर जातात. ते ओढणाऱ्या मोटारीला चालक ‘घोडा’ म्हणतात आणि त्या घोड्याच्या पाठीवरही पाचवे चाकच असते. जबडा पाहणे आणि ओढून खात्री करणे हे त्यांनाही चुकत नाही. गाडी जुंपण्यापूर्वी शेतकरी जुवाची दोरी हाताने चाचपून पाहतो. दोरी काल धड होती म्हणून आजही धड असेल, असे तो धरून चालत नाही. उशीची जोडणी ज्याने घेतली आहे, त्यानेही हीच सवय लावून घेतली पाहिजे. लवचीक जोड हिसके सोसतो खरा, पण त्याची रोज विचारपूस करणारा हात असेल तोपर्यंतच.