मोर्तबापासून डिजिटल स्वाक्षरीपर्यंत

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला भोरचा फाटा फुटतो. भोर ही १९४८ पर्यंत पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी होती. शिवकाळात सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे, एक काम राजपत्रांचा मजकूर तपासून कमीजास्त अक्षरे दुरुस्त करण्याचे होते. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तबाखाली कोणी ओळ वाढवली, तर ती उघड दिसे.

पण मधलेच एखादे अक्षर बदलले तर? शिवाय शिक्का ओळखता यावा म्हणून त्याचा ठसा लोकांना माहीत हवा. आणि ठसा पाहून कुशल कारागीर बनावट शिक्काही कोरू शकतो. म्हणजे जे ज्ञान पारखायला लागते, तेच फसवायलाही उपयोगी पडते.

ही दोन ज्ञाने वेगळी करण्याची कल्पना १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडली: सही करायला खासगी किल्ली, तपासायला सार्वजनिक किल्ली. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांनी त्यासाठी गणिती रीत शोधली. ती फळ्यावर करून पाहता येते. खासगी किल्ली ७, सार्वजनिक किल्ली ३ आणि भाजक ३३ घ्या. संदेश आहे ४. त्याचा सातवा घात १६३८४. ३३ ने भागल्यावर बाकी १६ उरते. ही झाली सही. तपासणारा १६ चा घन करतो: ४०९६. बाकी उरते ४. जुळले! कोणी संदेश बदलून ५ केला, तर जुळणार नाही. ३३ चे अवयव मुले चटकन काढतील आणि त्यांवरून खासगी किल्लीही शोधता येईल. म्हणूनच प्रत्यक्षात भाजक सहाशेहून अधिक अंकी घेतात.

भारतात अशा सहीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने मान्यता दिली. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. शेतकऱ्याच्या जमिनीचा पुरावा आता या गणितावर उभा आहे.

पण गणित बरोबर असूनही गफलत होऊ शकते. पीएचपी या संगणकभाषेतील सही तपासणारे फंक्शन जुळल्यास १, न जुळल्यास ० आणि तपासणीच फसल्यास उणे १ असे उत्तर देऊ शकते. या भाषेत ० सोडून प्रत्येक संख्या ‘होय’ मानली जाते. त्यामुळे नुसते ‘होय का?’ विचारणारा प्रोग्राम न तपासलेली सहीही खरी धरतो. ‘उत्तर १ च आहे का?’ असेच विचारायला हवे. न वाचता पत्र मंजूर करणारा सुरनीस कोणत्याही काळात धोक्याचाच.