गरिबाची शाळा व तिचा जमाखर्च

महोत्सवाच्या या पुस्तिकेंत देवळाच्या उभारणीची, धर्मगुरूंच्या परंपरेची व निरनिराळ्या मंडळांच्या कार्याची हकीकत वाचकांस अन्यत्र मिळेलच. आम्हीं येथें जरा निराळा विषय हातीं घेतला आहे. देवळाच्या पडवींत भरणारी, अगर गांवाबाहेर एकाच खोलींत दोन इयत्ता पाठीला पाठ लावून चालणारी जी गरिबांची शाळा, तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. कारण तिला ना मनोरा असतो ना कोनशिला. तरी ज्या मुलखांत आपण राहतों त्याची खरी हकीकत तिच्या हजेरीपटांत व जमाखर्चाच्या वहींतच सांपडते, असें आमचें मत आहे.

पळस्पें हें गांव पनवेलपासून जवळच. येथें मुंबईकडून येणारा रस्ता फुटतो. एक फांटा खोपोलीवरून घाट चढून पुण्यास जातो, दुसरा पेण व महाड यांवरून गोव्याकडे उतरतो. या दुसऱ्या रस्त्यानें थोडें पुढें गेलें कीं शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इ. स. १८४५ मध्यें याच गांवीं झाला. त्यांच्या बंडाची कथा लहान पोरासहि ठाऊक आहे. परंतु पुण्यास इ. स. १८६० मध्यें निघालेल्या पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या जोडीस त्यांचें नांव घेतलें जातें, हें आमच्या भागांत थोड्यांनाच माहीत असतें. तीच संस्था पुढें महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. शिरढोण-पळस्प्याच्या कुळवाड्याच्या मुलास मात्र तिचा उपयोग नव्हता. घाट चढून जाण्यास लागणारी शिदोरी त्याच्या घरीं नव्हती.

मग त्याच्यासाठीं शाळा कोणीं काढावयाची, व तिचा खर्च कोणीं द्यावयाचा? याचें उत्तर वाचकांस चमत्कारिक वाटेल. तो खर्च कुळवाडी स्वतःच देत होता. इ. स. १८६३ पासून मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा पट्टी बसविण्यांत आली, आणि १८६९ च्या कायद्यानें ती कायम झाली. या पट्टीचे दोन भाग रस्त्यांकडे व एक भाग शाळांकडे जाई. म्हणजे भात पिकविणाऱ्यानें शाळेची फी साऱ्याबरोबरच भरलेली होती. मग त्याचें मूल शाळेंत जावो अगर न जावो. बहुधा तें जात नसे. मुलगा गुरें राखी व आवणीच्या दिवसांत बापाबरोबर गुडघाभर चिखलांत उभा राही. मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन घर सांभाळी. पाटी घेऊन बसण्यास ज्यांना सवड होती, त्यांच्याच घरीं त्या एका आण्याचें फळ गेलें. आणि वर पुन्हां बोल लागला तो शेतकऱ्यालाच, कीं याला विद्येची गोडी नाहीं!

मिशनच्या व इतर खाजगी शाळांची तऱ्हा याहून फार वेगळी नव्हती. इ. स. १८५४ च्या खलित्यानें त्यांना सरकारी मदत मिळूं लागली. पण मुंबई इलाख्यांत ती मदत परीक्षेच्या निकालावर ठरे. तपासनीस साहेब येत, मुलांचें वाचन, लेखन व गणित पाहत, आणि जितकीं मुलें उतरत तितक्यांचे पैसे शाळेस मिळत. वरून पाहतां ही रीत मोठी न्यायाची दिसते. परंतु ज्या शाळेंत मुलें उपाशीं येतात, आठवड्यांतून दोन दिवस येतात, आणि तपासणीच्या नेमक्या दिवशीं रानांत लाकडें आणावयास गेलेलीं असतात, त्या शाळेस या रीतीनें काय मिळणार? ज्या मास्तरास सर्वांत अधिक मदत हवी त्यालाच ती सर्वांत कमी. मग हुशार मुलें निवडून घ्यावीं व कच्चीं हळूच बाहेर ठेवावीं, असा मोह होणें साहजिकच होतें. निकालावर पैसे देण्याची ती रीत केव्हांच मोडली, पण तो मोह गेला आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

ही गोष्ट ज्यांनीं सरकारच्या तोंडावर स्पष्ट सांगितली, ते जोतीराव फुले. इ. स. १८८२ मध्यें हंटर साहेबांच्या शिक्षण-कमिशनपुढें त्यांनीं निवेदन केलें. सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो व खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. तो सर्वांना पाठ आहे. आम्हांस मात्र त्या निवेदनांतील बारीक सूचना अधिक मोलाच्या वाटतात, कारण त्यांत शाळा प्रत्यक्ष चालविलेल्या माणसाचा हात दिसतो. प्राथमिक शिक्षकास कमींत कमी १२ रुपये पगार असावा, मोठ्या गांवीं १५ ते २० असावा. शिक्षक शेतकरीवर्गांतून तयार करावे. मुलांना मोडी व बाळबोध, हिशेब, थोडी शेतकी व आरोग्याचे नियम शिकवावे. लोकल फंडाचा अर्धा हिस्सा प्राथमिक शाळांसाठीं राखून ठेवावा. गरिबाच्या मुलास काय शिकवावें याची चर्चा पुष्कळ जण करतात. त्यास शिकविणाऱ्याच्या चुलीवर काय शिजतें हें फुले यांनीं विचारलें.

यापुढील कांहीं पायऱ्या थोडक्यांत सांगतों. इ. स. १९११ मध्यें गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेमंडळांत आणलें; १९१२ च्या मार्चांत तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. पैसा नाहीं, ही एक मुख्य सबब. मात्र बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९०६ मध्यें साऱ्या संस्थानांत सक्ती केली होती, व कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें तोच मार्ग धरला. संस्थानांस जो पैसा सांपडला तो साम्राज्यास सांपडूं नये, याचा अर्थ वाचकांनींच लावावा. पुढें १९१८ मध्यें विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांत सक्तीचा कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता. पनवेलास १८५२ पासून नगरपालिका होती. पळस्पें पडलें गांव. दोन-तीन मैलांच्या अंतरावर एक मूल कायद्याच्या आंत व एक बाहेर! लोकल बोर्डांच्या गांवांस १९२३ च्या कायद्याची वाट पाहावी लागली, आणि सक्ती कागदावर आली तरी ती अमलांत आणण्यास लागणारे मास्तर व इमारती कागदावर उभ्या राहत नाहींत.

शाळा असली, मास्तर असला, पट्टीहि भरलेली असली, तरी कांहीं मुलांना उंबरठ्याच्या आंत घेतलें जात नसे. भीमराव आंबेडकर साताऱ्यास शाळेंत जात तेव्हां त्यांना बसण्यासाठीं गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे. इ. स. १९२३ च्या ऑगस्टांत रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कायदेमंडळांत ठराव मंजूर करून घेतला, कीं सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने व शाळा अस्पृश्य मानलेल्यांस मोकळ्या असाव्या. आमच्या कुलाबा जिल्ह्यांत, याच गोव्याच्या रस्त्यावरील महाडास, १९२७ च्या मार्चांत चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो याच ठरावाच्या आधारावर. त्या सत्याग्रहाची स्मृति पाण्याशीं जोडलेली आहे व तें योग्यच. परंतु त्याच ठरावांत शाळेचाहि उल्लेख होता, हें विसरूं नये.

आतां ज्या मुलांपाशीं आमच्या भागांतील प्रत्येक शिक्षक अखेर येऊन थांबतो, त्यांच्याकडे वळूं. पनवेल, पेण, कर्जत, खालापूर या तालुक्यांच्या डोंगरपायथ्याशीं कातकरी व ठाकूर यांच्या वाड्या आहेत. कातकरी म्हणजे कात करणारा. खैराच्या लाकडाचा कात काढणें हा त्याचा धंदा होता. १८७८ च्या जंगल कायद्यानें रान सरकारजमा झालें व तो धंदा हातचा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या, आणि पुढें वीटभट्ट्या. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो, तेव्हां भट्टीमालकाकडून उचल घ्यावयाची, आणि दिवाळी झाली कीं सारें बिऱ्हाड उचलून भट्टीवर जावयाचें, तें मृगाच्या तोंडाशीं परत यावयाचें. आईबाप चिखल तुडवितात व विटा पाडतात, मुलें ओल्या विटा उलटतात व धाकट्यांना राखतात. शाळेचें वर्ष जूनांत सुरू होऊन एप्रिलांत संपतें. म्हणजे मूल पहिल्या सहामाहीस हजर, दुसरीस गैरहजर. परत येतें तेव्हां जें थोडें शिकलें होतें तेंहि विसरलेलें. त्यांतून घरची बोली एक व पुस्तकाची मराठी दुसरी. असलें मूल तीन वर्षें एकाच जागीं बसलें तर तें मंद आहे असा शेरा मारणें सोपें असतें. आमच्या मतें तो शेरा मुलाचा नसून पंचांगाचा आहे.

या कोड्यास हात घालणारीं माणसें उत्तरेकडील वारली मुलखांत निघालीं. ताराबाई मोडक यांनीं इ. स. १९४५ मध्यें बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्यें काम कोसबादच्या टेकडीवर गेलें. मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. गुरें चरत आहेत तोंवर तेथेंच झाडाखालीं शिकवावयाचें. साहित्य म्हणाल तर खडे, शिंपले, बिया, पानें. आधीं मुलांस आंघोळ घालावयाची, मग धडा. हे प्रयोग पुस्तकांतून वाचतांना गोड वाटतात, पण रोज सकाळीं पाण्याच्या बादल्या कोणीतरी भरल्याच पाहिजेत, आणि त्या कामाचा रकाना कोणत्याहि अनुदानाच्या तक्त्यांत नव्हता. पुढें १९९० नंतरच्या दशकांत विधायक संसदेनें ठाणे जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. भट्टीवरील मजूर ज्या खोपटांत राहतात त्यांस भोंगा म्हणतात, त्यावरून हें नांव. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनें मुलापर्यंत जावें, एवढाच त्या सर्वांचा सिद्धांत. आणि त्याला खर्च येतो.

खर्चाचें म्हणाल तर स्वराज्यांतहि हात आंखडलेलाच राहिला. अन्नाच्या बाबतींत खरी प्रगति झाली हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. १९९५ मध्यें पोषण आहाराची योजना आली, २००१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्न द्या असा हुकूम केला, आणि खिचडीच्या वासानें जितकीं मुलें वर्गांत आलीं तितकीं क्वचितच कोणत्या व्याख्यानानें आलीं असतील. शिक्षकाच्या बाबतींत मात्र उलट. इ. स. २००० मध्यें महाराष्ट्रांत शिक्षणसेवक ही पदवी निघाली. प्राथमिक शाळेंतील नव्या शिक्षकानें पहिलीं तीन वर्षें महिना ३,००० रुपये मानधनावर काढावयाचीं. प्राथमिकचें तें मानधन १६,००० व्हावयास २०२३ साल उजाडलें. डोंगरावरच्या वाडीवर बहुधा नवाच शिक्षक पाठविला जातो, हें सांगावयास नकोच. शिवाय २०१७ च्या डिसेंबरांत दहा किंवा त्याहून कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय निघाला. दहा मुलांची शाळा महाग पडते, हा हिशेब चुकीचा नाहीं. पण कातकरवाडी मुळांतच वीस-पंचवीस घरांची असते. तिची शाळा लहान नसेल तर काय असेल? शेजारच्या गांवची शाळा नकाशावर जवळ दिसते, आणि मध्यें ओढा असतो.

आतां आपल्या घरचें बोलूं. उत्तर कोंकणांतील आपल्या जुन्या ख्रिस्ती गांवांत देवळास शाळा जोडून असण्याची चाल आहे, व आपल्यापैकीं पुष्कळांच्या वडिलांनीं तेथेंच मराठी मुळाक्षरें गिरविलीं. तीं मुलेंहि शेतकऱ्यांचीं व कोळ्यांचींच होतीं, आणि फी थकली म्हणून धर्मभगिनींनीं त्यांना घरीं धाडलें नाहीं. मुंबईच्या वाढीबरोबर दिवस पालटले. सिडको १९७० मध्यें स्थापन झाली, पनवेलच्या भाताच्या खाचरांवर वसाहती उठल्या, इंग्रजी शाळांस पालकांची रांग लागली, आणि मराठी वर्गांचे बांक रिकामे होत गेले. यांत कोणा एकाचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. शाळेस वीजबिल भरावें लागतें व शिक्षकास पगार द्यावा लागतो.

तथापि एक प्रश्न आपण टाळूं नये. इ. स. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खाजगी शाळांना पहिल्या वर्गांत शेंकडा २५ जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठीं ठेवावयास लावलें. अल्पसंख्याकांच्या शाळांस तो कायदा लागू नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०१४ रोजीं दिला. आपल्या शाळा त्या निकालाच्या छायेखालीं आल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं त्या निकालाविषयीं शंका दर्शवून प्रकरण मोठ्या पीठाकडे जावें म्हणून सरन्यायाधीशांपुढें ठेवलें. घटनेनें आपणांस दिलेला शाळा चालविण्याचा हक्क मोलाचा आहे, व तो राखलाच पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. पण कायदा जागा ठेवूं नका असें कोठेंहि म्हणत नाहीं. ज्या शाळा आपण होऊन अशीं मुलें घेतात, त्यांचा अनुभव असा कीं, फी माफ करणें हें सर्वांत सोपें काम. गणवेश, बसचें भाडें, संध्याकाळचा अभ्यास पाहणारें माणूस, आणि पालकसभेस रोजगार बुडवून येणारी आई, येथें खरा खर्च सुरू होतो. धर्मग्रामाच्या अंदाजपत्रकांत यांपैकीं एकास तरी स्वतंत्र रकाना द्यावा, अशी आमची सूचना आहे. त्या रकान्यांत पहिल्या वर्षीं आंकडा लहान पडला तरी चालेल, आणि दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या मुलाचें नांव त्याच्या जूनमधल्या जागेवरून खोडूं नये, इतकी तजवीज तर बिनखर्चाची आहे.