नियम, रूढी आणि दोन पंथांतील स्त्री

शीख आणि मॉर्मन स्त्रियांची तुलना प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखी वाटेल. गुरू नानकांचा पंथ आणि १८३० साली न्यू यॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने स्थापलेले चर्च यांच्यात ऐतिहासिक नाते काहीच नाही. तरीही दोहोंकडील स्त्रियांचे गाऱ्हाणे शेजारी ठेवून पाहावे, असे आम्हांस वाटते.

शीख परंपरेत नियम स्त्रीच्या बाजूचा आहे. गुरू अमरदासांनी सती व पडदा निषिद्ध मानला. १७०५ मध्ये मुक्तसरला लढलेल्या माई भागो पुढे गुरू गोविंदसिंगांसमवेत नांदेडला आल्या. १९४५ साली संमत झालेल्या रहत मर्यादेनुसार तर अमृत देणाऱ्या पाच जणांतही स्त्री असू शकते. पण २००३ मध्ये अमृतसरच्या हरिमंदिरात दोन स्त्रियांना पालखीच्या सेवेपासून रोखण्यात आले. आडवी आली ती रूढी.

मॉर्मनांकडे नियमच आडवा येतो. पौरोहित्य केवळ पुरुषांचे. परंतु त्याच पंथात १८४२ मध्ये नॉवू येथे स्त्रियांची 'रिलीफ सोसायटी' उभी राहिली, १८७२ पासून 'वुमन्स एक्स्पोनंट' हे त्यांचे पत्र निघू लागले. युटा प्रदेशातील स्त्रियांना १८७० सालीच मताधिकार मिळाला. या स्त्रिया बहुपत्नीत्वाविरुद्ध मत देतील, अशी बाहेरच्या सुधारकांची अटकळ होती. तसे घडले नाही, आणि १८८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो अधिकारच काढून घेतला! तो परत मिळाला १८९६ साली. त्याच वर्षी डॉ. मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सेनेटवर निवडून आल्या. त्या एका बहुपत्नीक गृहस्थाच्या चौथ्या पत्नी होत्या आणि त्याच निवडणुकीत पतीही उमेदवार होते. अशा स्त्रीला पीडित म्हणावे की स्वतंत्र? आमच्या मते दोन्ही शब्द अपुरे पडतात.

शीख स्त्री मर्यादेच्या कलमावर बोट ठेवून हक्क मागू शकते. मॉर्मन स्त्रीपाशी तसे कलम नाही. तिला नव्या साक्षात्काराची वाट पाहावी लागते. कृष्णवर्णीय पुरुषांसाठी तो १९७८ मध्ये जाहीर झाला. स्त्रियांसाठी पौरोहित्य मागणाऱ्या केट केली मात्र २०१४ मध्ये बहिष्कृत झाल्या.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मॉर्मन चर्चने स्त्रियांना बाप्तिस्म्याच्या साक्षीदार होण्याची मुभा दिली. पौरोहित्य होते तेथेच राहिले. पुढच्याच महिन्यात पंजाब विधानसभेने हरिमंदिरात स्त्रियांना कीर्तन करू द्यावे, अशी विनंती करणारा ठराव संमत केला.